सुटलेलं आणि सोडलेलं

तुम्ही माच्छी सरांना चांगलं ओळखत होतात ना, असं मला अजून लोक विचारतात आणि मी हो म्हणते. खरं म्हणजे त्यांच्याबद्दल मी जितका विचार करते तितकी जास्त गोंधळते. डहाणूच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवला, तिथेच ते कॉम्प्युटर शिकवायचे. मसोलीला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते तळमजल्यावर आणि मी त्यांच्या डोक्यावर. येता-जाता तोंड दिसायचं. एवढं असूनही हा माणूस फार हळवा होता की अगदी कोरडा, हे मला धड सांगता येत नाही.

ते मूळचे धाकट्या डहाणूचे. घरचे सगळे बोटीवर जाणारे, वडील, काका, थोरला भाऊ. शिकून पाय कोरडे ठेवलेला मी एकटाच, असं ते स्वतःच सांगायचे, पण त्यात ना अभिमान असायचा ना खंत. डब्यात बहुतेक वेळा बोंबील. डबा उघडायच्या आधी ते स्टाफरूमच्या सगळ्या खिडक्या स्वतः उठून उघडायचे, पंखा लावायचे, मग बसायचे. एकदा जोशी मॅडमनी नाक मुरडलं, तर म्हणाले, "मॅडम, खिडकी उघडली आहे. आता वास घ्यायचा की नाही तो तुमचा प्रश्न." बोलले इतक्या शांतपणे की त्यांना राग आला होता की नव्हता, यावर आमची दोन दिवस चर्चा चालली.

त्यांची सगळ्यात वैतागाची सवय म्हणजे ते शून्यापासून मोजायचे. वर्गातला पहिला बाक त्यांच्या लेखी शून्य नंबरचा. आमचा शिपाई शंकर याला त्यांनी एकदा दोन नंबरच्या कपाटातून केबल आणायला पाठवलं. शंकरने दोन नंबरचं कपाट अख्खं उपसलं, हात हलवत परत आला. मग सर स्वतः गेले आणि तिसऱ्या कपाटातून केबल घेऊन आले. शंकर म्हणाला, "सर, हे तीन नंबर झालं." सर म्हणाले, "तुझ्या हिशोबाने." मी मध्ये पडून म्हटलं की जगात सगळे एकपासून मोजतात. तर म्हणाले, "मॅडम, मूल जन्मल्याबरोबर तुम्ही त्याला एक वर्षाचं म्हणता का?" यावर काय बोलणार? शंकरने मात्र तेव्हापासून सरांनी नंबर सांगितला की दोन्ही कपाटं उघडायची पद्धत ठेवली.

माझ्या वर्गाचं छत गळायचं. दुरुस्ती होईपर्यंत मी पेपर तपासायला त्यांच्या लॅबमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचे, आणि छत दुरुस्त झाल्यावरही जात राहिले, कारण तिथला पंखा चांगला होता. त्यामुळे त्यांचं शिकवणं मी पुष्कळ ऐकलंय. कळलं किती, ते विचारू नका.

दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला ते पोरांना आपापले पेनड्राइव्ह आणायला सांगायचे. बाकीचे मास्तर पहिल्या दिवशी पडद्यावर नमस्कार छापायला शिकवतात. हे पोरांना पायथनमध्ये चार ओळी लिहायला लावायचे आणि त्या पेनड्राइव्हमधली गाणी, फोटो, फाइली सगळं बाजूला ठेवून त्याचे अगदी सुरुवातीचे पाचशे बारा बाइट वाचायला लावायचे. पडद्यावर नुसत्या आकड्यांचा आणि अक्षरांचा सडा पडायचा. त्यातून सर बोट फिरवत सांगायचे, हे बघ, एक ढिगारा केवढा ते इथे लिहिलंय, एकूण ढिगारे किती ते इथे, आणि कुठल्या ढिगाऱ्यानंतर कुठला घ्यायचा त्याचा तक्ता कुठे सुरू होतो ते इथे. "तुम्ही ज्याला फाइल म्हणता ना, ती अशी अख्खी कुठे नसतेच," ते म्हणायचे. "ती सुट्ट्या तुकड्यांत पडलेली असते. तक्ता आहे म्हणून ती फाइल आहे." पोरांनी त्यांचं नावच पाचशेबारा सर ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

एकदा एका मुलीने तक्रार केली की सर, इथे आकडा उलटा लिहिलाय, धाकटा भाग आधी आणि मोठा नंतर, असं कोण लिहितं? सर म्हणाले, "पंचवीस म्हण." ती म्हणाली, पंचवीस. "आधी काय म्हणालीस? पाच. मग वीस. तू जन्मापासून उलटंच बोलतेस, आता वाचायला काय हरकत आहे?" वर्ग हसला. मी मागच्या बाकावर बसून पस्तीस, पंचेचाळीस असं पुटपुटत राहिले आणि एका मुलाच्या पेपरात मार्क चुकीचे लिहून बसले.

या विद्येचा गावाला उपयोग कळायला वेळ लागला नाही. कुणाचं कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं, कुणी फोनने विचारलेल्या प्रश्नाला हो म्हटलं आणि सगळे फोटो गेले, की लोक आमच्या इमारतीत यायचे. बाजारात यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळतं. सर ते वापरायचे नाहीत. आपल्या जुन्या लॅपटॉपवर आधी त्या कार्डाची अख्खी नक्कल उतरवून घ्यायचे, मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवायचे, आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम त्या नकलेवर चालवायचे. मी म्हटलं, तयार गोष्ट असताना हा उद्योग कशाला?

"ते तयार सॉफ्टवेअर सगळंच उपसून देतं," ते म्हणाले. "त्याला सुटलेलं आणि सोडलेलं यातला फरक कळत नाही."

मलाही कळला नाही. तेव्हा त्यांनी चहा घेता घेता समजावलं. आपण एखादी फाइल पुसतो तेव्हा कार्ड ती खरोखर पुसत नाही. यादीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे एक ठरलेली खूण टाकतं, ई-पाच म्हणतात तिला. खूण दिसली की ती जागा रिकामी समजायची. मजकूर तिथेच पडून राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. उलट कार्ड फॉरमॅट झालं तर वरची मुख्य यादी आणि तक्ता कोरा होतो, पण आतल्या फोल्डरांच्या याद्या जागच्या जागी असतात, नावं धड असतात, खूण नसते. म्हणजे यादी वाचता आली की कळतं, कुठली फाइल अपघाताने गेली आणि कुठली कुणीतरी पुसली.

"जाळं फाटून मासा गेला तर तो सुटलेला," सर म्हणाले. "तो परत धरून द्यायला माझी ना नाही. पण हातात घेऊन परत पाण्यात टाकला, तो सोडलेला. तो मी कोण आणून देणारा?"

त्यांच्या प्रोग्राममध्ये यासाठी एकच ओळ होती. त्यांनी मला ती दाखवलीही. पहिला बाइट ई-पाच असेल तर पुढच्या नावाकडे जा. बस. आणखी एक नियम त्यांनी कुठे लिहिलेला नव्हता पण पाळायचे कडक. परत मिळालेली फाइल ते कधी उघडून बघायचे नाहीत. फोटो आहे की नाही हे त्यांना सुरुवातीच्या बाइटांवरून कळायचं, आणि फोटोत काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

या नियमापायी काय काय व्हायचं. मसोलीच्या एका फोटोग्राफरकडून अख्ख्या लग्नाचं कार्ड फॉरमॅट झालं. सरांनी फोटो परत आणले. नवरीचे काका दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात हजर. सगळ्या लग्नात त्यांचा एकही फोटो नाही. फोटोग्राफरने चाचरत सांगितलं की काकांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले होते, म्हणून त्याने ते तिथल्या तिथे पुसले होते. काका म्हणाले, मिटलेले तर मिटलेले, मी लग्नाला होतो की नव्हतो? सर म्हणाले, "होतात. पण ते फोटो याने सोडलेत." काका गुजरातीत काहीतरी बोलले, मग मराठीत बोलले, मग परत गुजरातीत. सर ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, स्वतःच्या फोनवर त्यांचा उघड्या डोळ्यांचा एक फोटो काढला आणि फोटोग्राफरला म्हणाले, हा अल्बमात लाव. काका गेले, पण खूश होऊन गेले की अपमान गिळून गेले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला उमगलं नाही.

मी मात्र भांडले. म्हटलं, "सर, माझ्या विषयात आम्ही पुसलेलं आहे तेच आधी वाचतो. माणसाने काय मागे ठेवलं यापेक्षा काय खोडलं यावरून तो जास्त कळतो."

"म्हणूनच तुमच्या विषयात एवढी भांडणं आहेत," ते म्हणाले आणि बशी पुसून ठेवली.

वनिता आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. वेवजी गावची मुलगी. आमच्याच कॉलेजात माझ्या वर्गात होती, हॉस्टेलवर राहून शिकली, आता गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिचे वडील गुजरातकडच्या बोटींवर खलाशी म्हणून जायचे. महिनोन्महिने पाण्यावर, तिथे फोनला रेंज नाही. त्यांनी एक युक्ती काढली होती. साध्या बटणांच्या फोनवर ते वनिताशी बोलायचे, म्हणजे बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे, आणि घरी आले की मायलेकींना बसवून एकेक ऐकवायचे. वर्षभर आधी ते आजारी पडून घरी आले आणि गेले. वनिता तेव्हा परीक्षेसाठी डहाणूत होती. निरोप मिळून ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आईने एवढंच सांगितलं, की आदल्या दिवशी ते पडवीत एकटे बसून फोनमध्ये बराच वेळ बोलत होते.

ती रेकॉर्डिंगं तिने वडिलांच्या फोनमध्ये तशीच ठेवली होती. ऐकायची हिंमत होत नव्हती, म्हणाली, ऐकू कधीतरी, जातायत कुठे. नवरात्र आलं तेव्हा तिच्या धाकट्या भावाने कार्ड काढून नाक्यावरच्या गाणी भरून देणाऱ्या दुकानात नेलं. आमच्याकडे अशी दुकानं आहेत, कार्ड द्यायचं आणि पाहिजे ती गाणी भरून घ्यायची. दुकानदाराने मेमरी फुल्ल बघून कार्ड फॉरमॅट केलं आणि गरब्याची गाणी भरून दिली. वनिता भांडायला गेली तेव्हा तो म्हणाला, "बेन, साफ केल्याशिवाय बसतच नव्हती. सगळे असंच करून घेतात." आणि ते खरं होतं. भावाला तर माहीतच नव्हतं की त्यात बाबा आहेत.

मी तिला सरांच्या लॅबमध्ये घेऊन गेले. सरांनी नक्कल उतरवली आणि प्रोग्राम लावला. वरची यादी नव्या गाण्यांची होती, तेव्हा जुनं फोल्डर त्यांना ढिगारे चाळून शोधावं लागलं. वनिता शेजारी उभी राहून बघत होती. सर सांगत होते, प्रत्येक फोल्डरच्या यादीत पहिलं नाव एक टिंब असतं, दुसरं नाव दोन टिंबं. "एक टिंब म्हणजे मी स्वतः. दोन टिंबं म्हणजे माझा बाप, ज्या फोल्डरच्या पोटात मी आहे ते. ही जोडी सापडली की फोल्डर सापडलं." मग पडद्यावर ती जोडी आली. वनिताने विचारलं, दोन टिंबांच्या पुढे शून्य का आहे? सर म्हणाले, "शून्य म्हणजे नाही असं नसतं. शून्य म्हणजे मूळ." मी पेपर तपासत होते, पण एकच ओळ परत परत वाचत होते.

काही रेकॉर्डिंगं गरब्याच्या गाण्यांखाली गाडली गेली होती, बाकीची मिळाली. सरांनी ती दुसऱ्या कार्डावर घालून दिली आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. वनिताने तिथेच फोनला लावून ऐकायला सुरुवात केली. वाऱ्याचा आवाज, इंजिनाचा आवाज, आणि त्यातून ओरडून बोलणारा माणूस. आज घोळ मासा मिळाला. आज हात कापला पण जास्त नाही. मध्येच एक मुलीचा आवाज लागला, "बाबा, मी वनी, जेवलात का..." तिने पटकन पुढे ढकललं. म्हणाली, "हे माझंच आहे. हॉस्टेलवर जाताना मी भरून दिलं होतं, बोटीवर ऐकायला." ऐकता ऐकता ती हसत होती, ओढणीने नाक पुसत होती. सगळं ऐकून झालं. मग तिचा चेहरा उतरला.

"सर, शेवटचं नाही यात. पडवीतलं."

सरांनी चष्मा काढला. ते खोटं बोलत नसत, हा त्यांचा आणखी एक त्रास. "आहे," ते म्हणाले. "यादीत शेवटचं नाव आहे. मोठं आहे. पण त्यावर खूण आहे. ते तुझ्या वडिलांनी पुसलंय."

"मला ते पाहिजे, सर."

"त्यांनी ते सोडलंय, वनिता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, सर, ही पोर बापाच्या शेवटच्या दिवशी तिथे नव्हती. तो काय सांगून गेला ते हिला कळायला नको? सर म्हणाले, सांगायचं असतं तर ठेवलं असतं. म्हटलं, खूण काय सांगते? पुसलं गेलं एवढंच ना? कुणी पुसलं आणि का पुसलं, हे तुमच्या त्या यादीत कुठे लिहिलंय, दाखवा. सर म्हणाले, "फोन त्यांच्याच हातात होता."

तेव्हा वनिता हळूच म्हणाली, "सर, बाबांना वाचता येत नव्हतं."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"ते बटणं मोजून दाबायचे," ती म्हणाली. "मीच शिकवलं होतं. एवढ्या वेळा खाली, मग मधलं, की रेकॉर्ड. एवढ्या वेळा खाली, की ऐकायचं. भावाने फोनमध्ये काही फिरवलं की मोजणी चुकायची. मग जे व्हायचं ते व्हायचं. एकदा बोटीवरून त्यांनी चुकून अलार्म लावून ठेवला होता, तो रोज वाजायचा आणि बंद कसा करायचा ते कुणालाच माहीत नव्हतं."

सरांनी पडद्याकडे बघितलं. त्या नावापुढे ती खूण होतीच. इतक्या वर्षांत मी त्यांना उत्तर न सुचलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मलाच कसंतरी झालं. शेवटी ते म्हणाले, "मला थोडे दिवस दे." वनिता मान हलवून गेली.

ते दिवस विचित्र गेले. सर डबा खिडक्या न उघडताच खायला लागले आणि कुणी तक्रार केली नाही. वर्गात एका मुलाला त्यांनी चक्क एक नंबरच्या बाकावर बस म्हणून पहिल्या बाकावर बसवलं. संध्याकाळी जिन्यात भेटले तर मला म्हणाले, "मॅडम, आतापर्यंत मी किती लोकांना नाही म्हटलं असेल?" मी म्हटलं, काकांचे तर डोळे मिटलेले होते सर, तिथे तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "ते फोटोग्राफरने सांगितलं म्हणून कळलं. खुणेवरून नाही." आणि दार लावून घेतलं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून राग आला. हा माणूस एवढ्याशा ओळीवर उभा होता की काय?

एका रविवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली, वेवजीला येता का? लॅपटॉप उघडून त्यांनी मला ती ओळ दाखवली. त्यांनी ती काढली नव्हती. तिच्या आधी एक चिन्ह टाकलं होतं. ते टाकलं की ओळ जागेवर राहते पण चालत नाही, म्हणाले. रेकॉर्डिंगचा शेवटचा भाग एका गाण्याखाली गेला होता. कुठून पुढे गाणं आहे ते नव्या तक्त्यावरून कळत होतं, तेवढं कापून त्यांनी उरलेलं कार्डावर घातलं होतं. "ऐकलंत?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही.

वनिताच्या घरी तिच्या आईने चहा केला. सरांनी कार्ड वनिताच्या हातात दिलं आणि उठून बाहेर गेले. अंगणापलीकडे ताडाचं झाड आहे, तिथे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मीही उठले, म्हणजे उठल्यासारखं केलं, पण वनिता म्हणाली, "तुम्ही बसा ना, मॅडम." मी लगेच बसले.

तिने फोन मधोमध ठेवला. आधी नुसती खरखर. मग बारीक, दमलेला आवाज. वाऱ्यात ओरडणारा तो माणूस हाच, हे मला पटेना.

"एक खाली. दोन खाली. मधलं." थांबला. "वनी?"

काही नाही. कोंबडी ओरडल्याचा आवाज.

"एक खाली. दोन खाली..." परत तसंच. आतून तिच्या आईचा आवाज आला, काय करताय? तो स्वतःशीच पुटपुटला, "पोरीचं ऐकायचंय. लागत नाही." परत मोजलं. परत थांबला. असं कितीतरी वेळ चाललं होतं. त्याला तिचा भरून दिलेला आवाज ऐकायचा होता आणि मोजणी चुकून रेकॉर्ड सुरू झालं होतं, आणि ते त्याला ठाऊकच नव्हतं. निरोप नव्हता, काही सांगायचं नव्हतं. मग अगदी फोनजवळ तोंड आणून तो म्हणाला,

"वनी, बोल ना."

आणि तिथे संपलं. पुढे गाणं होतं, ते सरांनी कापलं होतं.

वनिता रडली. मी रडले. तिची आई चुलीकडे तोंड करून बसून राहिली. थोड्या वेळाने वनिताने आधीच्या कार्डातला तो स्वतःचा आवाज शोधून काढला, तो लॅबमध्ये पुढे ढकललेला, आणि पडवीत मोठ्याने लावला. बाबा, मी वनी, जेवलात का, विडी कमी ओढा. रिकाम्या पडवीत तो पूर्ण वाजून संपेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

मग ती बाहेर सरांकडे गेली. तिला सांगायचं होतं, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. सरांनी हात वर केला. "नको," ते म्हणाले. "ते तुझं आहे." तिने बळेच त्यांच्या पिशवीत काकड्या घातल्या. परत येताना रिक्षात त्यांनी एवढंच विचारलं, "वाजलं ना नीट?" मी म्हटलं, वाजलं. आयुष्यात जे कळलं ते चार लोकांना सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण ते मी गिळलं. त्यांना सांगू नये असं वाटलं, आणि सांगायला हवं असंही वाटलं.

त्यानंतर ते लोकांची कार्डं घेईनासे झाले. कुणी आलंच तर तयार सॉफ्टवेअरचं नाव कागदावर लिहून द्यायचे. मला वाटलं होतं, हट्ट सुटला की माणूस हलका होईल. तसं काही दिसलं नाही. वर्गात ते तेच पाचशे बारा बाइट शिकवत होते, पण ई-पाचपाशी आले की म्हणायचे, "ही खूण म्हणजे ही जागा मोकळी आहे. एवढंच. याहून जास्त अर्थ लावू नका." पोरं लिहून घ्यायची.

निवृत्त झाल्यावर ते मसोली सोडून धाकट्या डहाणूला भावाच्या घरी राहायला गेले. बायको आधीच गेली होती, मुलगी शुभा पुण्याला. मधुमेहाने डोळे अधू झाले, पडद्यावरचं दिसेनासं झालं. गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले तर ओट्यावर बसले होते, समोर वाळत घातलेले बोंबील. हातात बटणांचा साधा फोन. माझा आवाज ऐकून म्हणाले, या मॅडम, खिडकीची गरज नाही इथे. मला हसू आलं.

इकडचं तिकडचं झालं. शंकर अजून दोन कपाटं उघडतो का, त्यांनी विचारलं. मग खाडीच्या बाजूला तोंड वळवून म्हणाले,

"मॅडम, त्या मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये काय होतं?"

इतक्या वर्षांनी. मी सांगितलं. बटणं मोजणं, पोरीचा आवाज न लागणं, शेवटचे शब्द. ते ऐकत होते. त्यांचा अंगठा फोनच्या बटणांवरून फिरत होता.

"म्हणजे सुटलेलं होतं," ते म्हणाले.

बटणांवरचा अंगठा थांबला.

"पण मग पुसलं कसं? ऐकून पुसलं, की तेही चुकून?"

"मला काय माहीत, सर."

"हं. मलाही नाही," ते म्हणाले. आणि मला वाटतं, ते थोडे हसले. नक्की सांगता येणार नाही, ऊन त्यांच्या तोंडावर होतं.

निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत पोचते न पोचते तोच पर्समधला फोन वाजला. माच्छी सर.

"शुभा?"

"नाही सर, मी आहे. आत्ता निघाले ना मी."

"अरे, तुम्ही होय." ते थांबले. "शुभाने सांगितलंय, यादीत पहिली ती, दुसऱ्या तुम्ही. मी शून्यापासून मोजलं वाटतं. एक जास्त दाबलं गेलं."

मला वाटलं आता ठेवतील. ठेवला नाही. पलीकडे कावळे ओरडत होते, कुणीतरी जाळं ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

"बोला ना, सर," मी म्हटलं.

"तुम्हीच बोला, मॅडम," ते म्हणाले. "मी ऐकतोय."

मी वळून बघितलं. सर ओट्यावर तसेच बसले होते, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून, मान खाली घालून. आणि वर्गात तास न् तास बोलत आलेल्या मला काय बोलावं ते सुचेना. मग मी विचारलं, "जेवलात का?"